भाद्रपदात अपडेट करू नये

टोरांटोच्या एटोबिको भागातल्या काही मराठी घरांत रात्री अकराला दोन यंत्रं एकदम सुरू होतात. वर स्वयंपाकघरात डिशवॉशर आणि खाली बेसमेंटमध्ये रेंडर. ओंटारिओत 2023 पासून विजेचा असा एक दर निवडता येतो की रात्री अकरा ते सकाळी सात वीज फुकट वाटावी आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी चार ते नऊ बटणाला हात लावायची भीती वाटावी. हा दर ठरवताना सरकारच्या डोळ्यांसमोर विजेवर चालणाऱ्या गाड्या होत्या. आमच्या डोळ्यांसमोर गणेशोत्सवाचा व्हिडिओ असतो. आपण खपून केलेली कापाकापी, जोडाजोडी, रंग, नावं हे सगळं कॉम्प्युटर एकेक चित्र नव्याने काढून एका फाइलीत उतरवतो, त्याला रेंडर म्हणतात. ते चालू असताना तो असा तापतो की जानेवारीत त्यावर मोजे वाळतात. म्हणून हिवाळ्यात रेंडरचा खर्च हीटिंगच्या खात्यात टाकावा, ही पहिली युक्ती.

मराठी मंडळात ‘याला एडिटिंग येतं’ हे ठरायला फारसं काही लागत नाही. कुणाच्या तरी साठीला तुम्ही फोटोंचा स्लाइड शो करून मागे गाणं लावलेलं असतं, तेवढं पुरतं. ‘तुम्ही आयटीत ना?’ हा प्रश्न नसतो, ती नेमणूक असते. खरं तर एटोबिकोत जाणकारांचा दुष्काळ नाही. किपलिंग अव्हेन्यूवर सिनेस्पेसचे स्टुडिओ आहेत. हंबर या शिक्षणसंस्थेच्या नॉर्थ कॅम्पसमध्ये मुलं रीतसर फिल्मचं शिक्षण घेतात. गियेर्मो देल तोरोने ‘द शेप ऑफ वॉटर’ टोरांटोत चित्रित केला आणि ऑस्कर नेलं. पण त्या लोकांना पैसे द्यावे लागतात. मंडळाला हवा असतो तो चकलीच्या पुडीवर समाधान मानणारा.

कच्चा माल येतो आठ-दहा फोनांतून. कुणी फोन उभा धरलेला, कुणी आडवा. ब्रॅम्प्टनच्या काकांनी सुरुवात उभ्याने करून अथर्वशीर्षाच्या मध्यावर तो आडवा केलेला असतो, त्यामुळे तिथून पुढचे सगळे भक्त भिंतीवर चालतात. ग्रुपवर टाकलेली क्लिप वाटेत इतकी दाबली जाते की मोदक कुठला आणि प्रमुख पाहुणे कुठले ते अंदाजाने ठरवावं लागतं. ‘कृपया डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं मी लिहिलं, तर ओकव्हिलच्या वहिनींनी कार्यक्रमपत्रिकेची पीडीएफ पाठवली.

सगळ्या क्लिपा वेळेनुसार लावून घ्याव्यात, हा पहिला धडा. इथेच नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेल्या मावशी आडव्या येतात. ‘घरी आता किती वाजले ते कळायला हवं’ म्हणून मावशींनी फोन भारताच्या वेळेवरच ठेवलेला असतो. उन्हाळ्यात भारत टोरांटोच्या साडेनऊ तास पुढे. दुपारी चारची आरती मावशींच्या फोनमध्ये रात्री दीडची, तीही दुसऱ्या दिवसाची. यादी लावली की कार्यक्रम संपतो, सभागृहाच्या किल्ल्या परत केल्या जातात, आणि मग मध्यरात्रीनंतर मावशींचा गणपती पुन्हा बसतो. जगाची घड्याळं जुळवण्याची कल्पना सर सँडफर्ड फ्लेमिंग यांनी मांडली. 1879 मध्ये त्यांनी ती याच टोरांटोत वाचून दाखवली होती. मावशींपर्यंत ती पोचायची आहे. उपाय सोपा आहे: मावशींच्या क्लिपा वेगळ्या फोल्डरमध्ये घालून त्यांच्या तारखा एकदम साडेनऊ तास मागे ढकलणे. दिवाळीच्या व्हिडिओच्या वेळी घड्याळं बदललेली असू शकतात, तेव्हा साडेदहा.

पुढचा घोळ आवाजाचा. फोन दर सेकंदाला ठरल्याइतकीच चित्रं टिपेल, असं आपल्याला वाटतं. उजेड कमी झाला, फोन तापला, की तो स्वतःच्या मर्जीने कमीजास्त टिपतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र शिस्तीचं भोक्तं. परिणामी दहाव्या मिनिटाला झांज ऐकू येते आणि दिसते ती जरा वेळाने. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यातून प्रत्येक क्लिप एकसारख्या वेगाची करून घ्यावी आणि मगच कामाला बसावं. हे कुणी आधी सांगत नाही. लोक आधी झांज वाजवणाऱ्यावर संशय घेतात.

अनेक फोनांचं चित्रण एकमेकांशी जुळवायला सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं. ते सगळ्यांचे आवाज तपासतं, सारखी जागा शोधतं आणि क्लिपा एकाखाली एक बसवतं. भाषणाला, नाटकाला हे बटण देवासारखं धावून येतं. आरतीला नाही. आरतीत तीच टाळी, तीच झांज, तोच ठेका पाच-सात आरत्या संपेपर्यंत चालू. यंत्राला सगळीकडेच सारखं सापडतं. मग एका फोनवर गणपतीची आरती चालू असते, दुसऱ्यावर शंकराची, आणि सॉफ्टवेअर खात्रीने सांगतं, ‘जुळलं.’ यावर उपाय म्हणजे आरतीपूर्वी शांतता असताना कुणीतरी एकच टाळी वाजवायची. मी तशी विनंती केली होती. एक टाळी ऐकून सभागृहाला वाटलं कार्यक्रम संपला, आणि सगळ्यांनीच वाजवल्या.

पुण्याच्या लग्नाचं चित्रण आणि इथल्या रिसेप्शनचं चित्रण एकत्र करायचं असेल तर दोन देशांची वीज आडवी येते. भारतात वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, म्हणून तिथला टीव्ही 25 चित्रांचा. इथे साठ, म्हणून 30. पाचाची सहा करायची म्हणजे दर पाच चित्रांना एक चित्र पदरचं घालावं लागतं. त्यामुळे पुण्याची नवरी एटोबिकोच्या टीव्हीवर उचकी लागल्यासारखी चालते. पूर्वी तर तिकडची कॅसेट इकडच्या व्हीसीआरमध्ये लागायचीच नाही. काळ्यापांढऱ्या पट्ट्या गरगरत वर जायच्या आणि घरातले सगळे त्यात आपापले नातेवाईक ओळखायचे.

बरं, हे 30 सुद्धा खरे 30 नाहीत. 1953 मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्हीची पद्धत ठरली, तेव्हा रंगाची लहर आवाजाच्या लहरीशी भांडू नये म्हणून वेग हजारात एकाने कमी केला. झाले 29.97. पण चित्रांना क्रमांक देणारा टाइमकोड 30 नेच मोजत राहिला, म्हणून तासाला 108 चित्रांचा फरक पडू लागला. तो कसा मिटवला? दर मिनिटाच्या सुरुवातीला दोन क्रमांक गाळायचे, फक्त दर दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत. चित्र एकही गळत नाही, नुसता आकडा गळतो. हे वाचून भलेभले अभियंते डोकं धरतात. मराठी माणसाला यात नवीन काही नाही, कारण ही सरळ क्षयतिथी आहे. पंचांगातून तृतीया गळाली म्हणून बुधवार कुणी गिळत नाही. या पद्धतीला ‘ड्रॉप फ्रेम’ म्हणतात, असं मी समितीच्या बैठकीत सांगितलं. खजिनदारांनी मान वर करून विचारलं, “कोणाकोणाला ड्रॉप केलंय?”

हे वाक्य लक्षात ठेवावं. पुढे लागेल.

आजचे बरेच फोन चित्र एचईव्हीसी पद्धतीने साठवतात. त्यात पूर्ण चित्र अधूनमधूनच असतं. मधल्या चित्रांत फक्त ‘मागच्यापेक्षा काय बदललं’ एवढी नोंद. साठवायला उत्तम, कापायला जाच. तुम्ही एक पाऊल मागे गेलात की बिचारा कॉम्प्युटर आधीचं पूर्ण चित्र शोधून तिथून पुन्हा हिशेब करत येतो. अध्यक्ष तोंड उघडं ठेवून स्तब्ध होतात आणि त्यांचा आवाज पुढे निघून जातो. यावर प्रॉक्सी करतात, म्हणजे प्रत्येक क्लिपची हलकी, कमी दर्जाची प्रत. कापाकापी तिच्यावर करायची. शेवटी सॉफ्टवेअर तिच्या जागी मूळ फाइल आणतं. अट एकच. एकदा ठरलेलं फोल्डर हलवायचं नाही. दिवाळीआधी कुणी ‘किती हा पसारा डेस्कटॉपवर’ म्हणून आवराआवर केली की सगळ्या आरत्यांच्या जागी एक लालभडक पाटी झळकते: मीडिया ऑफलाइन. ती पाटी अनेक भाषांत असते. मराठी त्यांत नाही, पण रंगावरून समजतं.

अनुभवी माणूस माउसला हात लावत नाही. जे, के आणि एल या तीन कळा: मागे, थांब, पुढे. एल दोनदा दाबली की दुप्पट वेगाने. ही कळांची जोडगोळी नव्हे, तिगोळी म्हणा, बहुतेक सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये सारखीच आहे, आणि ती बोटात बसली की काम निम्म्या वेळात होतं. घरच्यांना मात्र त्यातून फक्त ‘सन्माननीय... यनीनमान्स... सन्माननीय’ एवढंच ऐकू येतं, आणि रात्री साडेबाराला वरून आवाज येतो, “अहो, तो माणूस पुढे काही बोलणार आहे का?”

घरच्यांनी हे सोसण्याची परंपरा दादरपासूनची आहे. दादासाहेब फाळके यांनी आणवलेल्या कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसायची. ती भोकं रात्री अंधारात पाडण्याचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंकडे. दिवसा चित्रीकरणाला आलेल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभं राहणं, फिल्म धुण्याची रसायनं कालवणं, आणि रात्री हे. त्याआधी दादासाहेबांनी कुंडीतल्या मटाराच्या रोपाचं रोज थोडंथोडं चित्र टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखवली होती, म्हणजे ज्याला आज मुलं टाइमलॅप्स म्हणतात ते आपल्याकडे 1912 मध्ये मटारापासून सुरू झालं. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 च्या मे महिन्यात लागला, 3,700 फूट. हे उदाहरण मी घरात प्रेरणा म्हणून सांगितलं. उत्तर आलं, “त्या माउलीला ‘सन्माननीय’ ऐकावं लागत नव्हतं. सिनेमा मूक होता.”

नावांच्या पाट्या हा वेगळाच अध्याय आहे. परदेशी सॉफ्टवेअरला देवनागरी दाखवली की ती ऱ्हस्व वेलांटी एक घर पुढे सरकवून देते. ‘निमंत्रण’चं ‘नमिंत्रण’ होतं, ‘किरण’ची ‘करिण’. सभागृहाच्या पडद्यावर ‘करिण’ वाचून त्या बाई वर्षभर आपल्याशी बोलत नाहीत. जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात, रफार कुठेतरी हवेत. त्यात सांगलीच्या स्टुडिओवाल्याने पाठवलेली पाटी युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये असेल तर इकडे नुसतेच कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हं उमटतात. आशीर्वादाऐवजी कुणीतरी शिवी गाळून छापल्यासारखं दिसतं. इलाज सेटिंगमध्ये खोल दडलेला आहे. मजकूर जोडणारं इंजिन ‘दक्षिण आशियाई’ करायचं, की वेलांट्या घरी येतात. हे एक सेटिंग सापडल्यामुळे टोरांटो परिसरात किती मैत्र्या टिकल्या असतील याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

निवेदन ध्वनिमुद्रित करायला बेसमेंट चांगलं, असं वाटतं. तिथे फर्नेस असतो. तो मधूनच सुस्कारा टाकून चालू होतो, आणि त्याची झोप लागेपर्यंत थांबावं तर पिअरसन विमानतळावर उतरणारं विमान छपरावरून जातं. शेवटी सगळे येतात ते दाराजवळच्या कोटांच्या कपाटाशी. कॅनडाचे जाडजूड हिवाळी कोट आवाजाचा घुमारा जसा शोषतात, तसा महागडा फोमही शोषत नाही. निवेदिकेला कपाटात उभं करायचं, दार ओढून घ्यायचं. आमच्या निवेदिकेने ‘श्रावणसरींनी न्हालेली सृष्टी’ हे पान स्नोबूट आणि मफलरींच्या मध्ये, घामाघूम होत वाचलं आहे. ऐकताना कुणालाही सह्याद्री आठवेल.

आता अपडेटबद्दल. सॉफ्टवेअर अधूनमधून अत्यंत नम्रपणे विचारतं, ‘नवी आवृत्ती आली आहे, घेऊ का?’ काम अर्धवट असताना हो म्हणू नये. नव्या आवृत्तीत उघडलेलं प्रोजेक्ट बहुधा जुनीत परत उघडत नाही. जून 2011 मध्ये ॲपलने फायनल कट प्रो एकदम नव्या रूपात आणलं, तेव्हा जुनी प्रोजेक्ट त्यात उघडेचनात; अनेक कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र कापायची सोयही सुरुवातीला गायब. हॉलिवुडपासून लग्नवाल्यांपर्यंत सगळ्यांनी आरडाओरडा केला, आणि कितीतरी जण कायमचे दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या घरी नांदायला गेले. एवढ्या मोठ्या कंपनीची माणसं हे करू शकतात, तर आपण आपली मर्यादा ओळखावी. भाद्रपदात अपडेट करू नये. अश्विनातही टाळावं. मार्गशीर्षात एखादा गुरुवार सोडून बघावा.

इथवरचं सगळं शिकता येतं. अवघड आहे ते यापुढे, कारण आता समिती व्हिडिओ बघणार.

वॉल्टर मर्च हे या कामातले थोर पुरुष. उभं राहून कापाकापी करतात. मायकल ओंडाट्जे या टोरांटोच्याच लेखकाच्या कादंबरीवरचा ‘द इंग्लिश पेशंट’ त्यांनी संपादित केला आणि त्याबद्दल त्यांना ऑस्कर मिळालं. कॉम्प्युटरवर कापलेल्या सिनेमाला संपादनाचं ऑस्कर मिळण्याची ती पहिली वेळ. त्याआधी ‘अपोकॅलिप्स नाऊ’साठी साडेबारा लाख फूट फिल्म जमली होती, आणि पडद्यावरच्या प्रत्येक फुटामागे 95 फूट बाहेर राहिली. कुठे कापायचं याचे मर्च यांनी सहा निकष सांगितलेत, टक्क्यांसकट. भावनेला 51, कथेला 23, लयीला 10, उरलेले बाकीच्यांना. आमच्या समितीचेही निकष आहेत. कार्यकारिणीला 51, प्रायोजकांना 23, माजी अध्यक्षांना 10, आणि उरलेल्यात गणपती.

प्रायोजक म्हणजे घरं विकणारे, घरांना कर्ज देणारे आणि घरात केटरिंग पोचवणारे. त्यांचे लोगो वर्डच्या फाइलीत चिकटवून येतात, तेही स्क्रीनशॉटचा फोटो काढून. सात मिनिटांच्या फिल्ममध्ये प्रत्येक लोगो किती सेकंद, यावर जितकी चर्चा होते तितकी अंदाजपत्रकावर होत नाही. माणसांचं तर विचारूच नका. सिनेमात पात्र कापलं तर नट चिडतो. इथे ज्याला कापलं तो संक्रांतीला समोर बसून तिळगूळ देतो. गोड बोलतो. तेच जास्त भीतिदायक असतं.

सूचना येतात त्या आवाजी निरोपातून. “ते बघा, निळ्या साडीनंतर जरा लांबलंय.” कार्यक्रमात निळ्या साड्या चाळीस. म्हणून समितीला पाठवायच्या प्रतीवर कोपऱ्यात धावता टाइमकोड छापावा, म्हणजे लोक नेमकी जागा सांगू शकतात. सांगतात मात्र वेगळंच. “व्हिडिओ छान, पण वर घड्याळ कशाला? लोकांना वाटेल आपल्याला घाई आहे.”

व्यावसायिक मंडळींची एक जुनी चाल आहे. मुद्दाम एक ढोबळ चूक ठेवून द्यायची. गिऱ्हाईक ती काढायला सांगतं, आपलं म्हणणं चाललं म्हणून खूश होतं आणि बाकीच्याला हात लावत नाही. त्या हिशेबाने महिलांच्या फुगडीनंतर एक गरगरत येणारी सोनेरी चांदणी घातलेली होती, अगदी नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या कॅसेटीतली. समितीने फुगडी निम्मी करायला सांगितली, अध्यक्षांचं मनोगत दुप्पट करायला सांगितलं, आणि एकमताने ठराव केला की चांदणी तेवढी प्रत्येक कार्यक्रमानंतर यावी.

तशी ती आली. सात मिनिटांची फिल्म सोळा मिनिटांची झाली, सभागृहात दाखवली, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर पहिला निरोप मिसिसागाच्या काकूंचा. “फारच सुंदर झालंय रे. आता तो सगळा, न कापलेला, पेनड्राइव्हवर दे ना. त्यात आपले सगळे दिसतात.” त्याखाली अंगठ्यांची रांग.

न कापलेल्या गोष्टीला एडिटरची गरज नसावी, असं कुणालाही वाटेल. पण काकूंचा टीव्ही जुना. तो फॅट-32 पद्धतीने बांधलेलाच पेनड्राइव्ह वाचतो, आणि त्यात चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही. म्हणजे दोन तुकडे आलेच. यंत्राने चार जीबी भरल्या भरल्या कापलं, ते नेमकं आभारप्रदर्शनात, नावं वाचली जात असताना. पहिल्या भागात रांगोळी, सजावट, बटाटेवडे यांचे आभार मानून संपतात; ध्वनिव्यवस्था आणि पार्किंगवाले दुसऱ्या भागात गेले. बहुतेकांनी पहिलाच भाग पाहिला आहे. पार्किंग सांभाळणाऱ्या ओकव्हिलच्या वहिनींचा फोन येऊन गेला. त्यांना मी परत फोन करणार आहे. फक्त ‘फॅट’ हा शब्द न उच्चारता हे कसं समजावायचं, यावर विचार चालू आहे.